विजेवर चालणारा दातांचा ब्रश सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात किती वर्षे टिकतो?

जुळेसोलापूरकर (धागालेखिका)

नमस्कार मंडळी.

विजेवर चालणाऱ्या ब्रशाविषयी मराठीत जे लेखन वाचायला मिळते ते बहुतेक खरेदीपाशीच थांबते. कोणता घ्यावा, केवढ्याला मिळतो, त्यात किती मोड आहेत, एवढे सांगून झाले की लेख संपतो. घेतल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या ब्रशाचे काय होते हे कोणी लिहीत नाही. मिक्सर असो की पंखा, "टिकेल ना?" हा प्रश्न आपण दुकानात सर्वांत आधी विचारतो, आणि दोन-तीन हजार रुपयांच्या ब्रशालाही तो विचारलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे असे दोन ब्रश आहेत. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. साधा ब्रश धरून तो दातांवर मागेपुढे करणे त्यांना जमेनासे झाले, तेव्हा त्यांच्यासाठी लहान गोल हेड मागेपुढे फिरते त्या प्रकारचा ब्रश घेतला. त्याला आता चारेक वर्षे झाली. सुरुवातीला एकदा चार्ज केल्यावर तो आठवडाभर सहज चालत असे. आता तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसतो आणि हेड संथ फिरू लागते. दुसरा ब्रश सोनिक प्रकारचा, म्हणजे हेड फार वेगाने थरथरते असा, माझा स्वतःचा आणि बराच नवा आहे. त्याची बॅटरी उत्तम आहे, पण हेड जिथे बसते त्या धातूच्या दांडीभोवती पांढरा कडक थर धरतो. आमच्या इमारतीत नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते. पुण्यात नणंदेकडे अगदी हाच ब्रश आहे. तिच्याकडे वर्षभरात असा थर धरलेला नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या ब्रशात सर्वांत आधी काय जाते? सासूबाईंच्या ब्रशाची बॅटरी बदलता येते का? आणि आपल्या गावच्या हवापाण्यात त्याची काळजी घेण्याची काही वेगळी पद्धत आहे का? ज्यांनी असा ब्रश निदान दोन वर्षे वापरला आहे त्यांनी अवश्य लिहावे.

सोल्डरगन

ताई, मी नवी पेठेच्या परिसरात छोट्या विद्युत उपकरणांची दुरुस्ती करतो. ट्रिमर आणि शेव्हर तर रोजच येतात. गेल्या काही वर्षांत हे ब्रशही येऊ लागले आहेत. जे पाहिले आहे तेवढेच सांगतो.

मोटर सहसा जात नाही. ब्रश मरतो तो आत शिरलेल्या पाण्याने, आणि पाण्यापासून वाचला तर म्हाताऱ्या झालेल्या सेलने. हेड ज्या धातूच्या दांडीवर बसते ती दांडी हँडलमधून बाहेर येते, आणि तिथे पाणी अडवण्यासाठी एक रबरी सील असते. संपूर्ण ब्रशात सतत हलणारा आणि सतत ओला राहणारा भाग हाच आहे. ब्रश करताना पेस्ट आणि लाळ यांचे मिश्रण हेडच्या पोकळीतून खाली उतरते आणि सीलपाशी साचते. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी मुद्दाम घातलेली बारीक भुकटी असते. ती तिथे वाळली की दांडीच्या प्रत्येक हालचालीबरोबर रबर घासत राहते. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार मिळाले की त्या थराला खरखरीतपणा येतो. तुमच्या ब्रशावर जो पांढरा थर दिसतो तो म्हणजे हेच क्षार, आणि तो दिसायला वाईट आहे म्हणून काढावा असे मी म्हणत नाही. त्याने सील झिजते म्हणून काढावा.

सील गेल्याची लक्षणे ठरलेली आहेत. हेड काढल्यावर दांडीच्या बुडातून काळपट पाणी येते. ब्रश बंद असताना आपोआप सुरू होतो, किंवा बटण दाबूनही बंद होत नाही, कारण आत बटणाच्या सर्किटवर ओल आलेली असते. असा ब्रश उघडला की तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या दिसतात. तिथपर्यंत गेलेला ब्रश मी घेत नाही. ग्राहकाचे पैसे घेऊन महिनाभराचे आयुष्य देण्यात अर्थ नाही.

सासूबाईंच्या ब्रशाचे वर्णन मात्र आशादायक आहे. आवाज बसणे आणि तिसऱ्या दिवशी थकणे हे सेलचे लक्षण आहे, ओलीचे नाही. चार वर्षांनंतर ते अपेक्षितच आहे.

दंतवैद्य_सोलापूर

धागालेखिकेने संधिवाताचा उल्लेख केला त्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. विजेवरचा पहिला यशस्वी ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. फिलिप-गी वूग यांनी तो बनवला आणि त्याचे नाव ब्रॉक्सोडेंट होते. तो थेट भिंतीतल्या विजेवर चालत असे आणि ज्यांच्या हातांच्या हालचालींना मर्यादा आहेत, तसेच ज्यांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत, अशा रुग्णांसाठीच तो मुख्यतः होता. सासूबाईंसाठी हा ब्रश घेणे म्हणजे या उपकरणाचा मूळ हेतू पाळणेच आहे, आणि म्हणून त्यांचा ब्रश चालू राहणे ही मी चैनीची बाब मानत नाही.

निरोगी हातांच्या माणसाने साधा ब्रश नीट, दोन मिनिटे, हिरडीच्या कडेशी तिरपा धरून वापरला तर त्याचे दात उत्तम राहू शकतात. तरी सरासरीने पाहिले तर विजेवरचा ब्रश थोडा पुढे आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. त्यात साध्या ब्रशाच्या तुलनेत दातांवरचा कीटणाचा थर एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्क्यांनी कमी आढळला. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी होती. सर्वांत जास्त पुरावा गोल हेड मागेपुढे फिरणाऱ्या प्रकाराविषयी होता.

आता टिकण्याविषयी. माझ्या दृष्टीने टिकण्याचे दोन अर्थ आहेत आणि रुग्ण त्यांची गल्लत करतात. हँडल पाच वर्षे चालते म्हणून हेडही वर्षभर चालवायचे, असे अनेक जण करतात. हेड तीन महिन्यांत, किंवा त्याआधी त्याचे केस फाकले तर तेव्हाच, बदलले पाहिजे. वाकलेले केस हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. हँडल गुणगुणत राहते आणि सफाई होत नाही. महिन्या-दीड महिन्यातच केस फाकत असतील तर तुम्ही ब्रश फार दाबून धरता असे समजावे. या ब्रशाला दाब लागत नाही. तो दातावर नुसता टेकवून एका दातावरून दुसऱ्यावर सरकवायचा असतो. दाबून धरल्याने हिरड्या खाली सरकतात, दात शिवशिवतात, आणि आत मोटरवरही ताण येतो. दाब वाढला की दिवा लागण्याची सोय असलेला ब्रश मी म्हणूनच सुचवतो. इतर मोडांपेक्षा ती सोय कितीतरी मोलाची आहे.

आपल्या भागात तंबाखू आणि मशेरीचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे एक स्पष्ट करतो. मशेरीचे काळे डाग आणि कडक झालेले कीटण कोणत्याही ब्रशाने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. आणि शेंगाचटणीचे कण दोन दातांच्या फटीत अडकतात, तिथे गोल हेडही पोहोचत नाही आणि सोनिकही नाही. त्यासाठी फटीत घालायचा बारीक ब्रश किंवा दोरा वेगळा वापरावा.

विडीघरकुल

माझा अनुभव थोडक्यात. ऑनलाइन एका नव्या ब्रँडचा सोनिक ब्रश सवलतीत घेतला होता. ब्रश अजून ठणठणीत आहे, पण त्याची हेड कुठेच मिळत नाहीत. दुसऱ्या ब्रँडची बसत नाहीत, कारण दांडीचा आकार वेगळा आहे. डॉक्टर म्हणतात तसे तीन महिन्यांनी हेड बदलायचे तर माझ्यासाठी हा ब्रश संपलाच आहे.

जुळेसोलापूरकर

विडीघरकुल यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण खर्चाचा हिशेब मांडला की तोच वर येतो. समजा हँडल २,००० रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे चालले. म्हणजे वर्षाला ४०० रुपये. हेड एक ३०० रुपयांचे धरले आणि वर्षाला चार लागली तर १,२०० रुपये. म्हणजे खर्चाचा तीन चतुर्थांश भाग हेडचा आहे. हँडल आणखी दोन वर्षे जास्त चालले तरी वर्षाचा खर्च शे-सव्वाशे रुपयांनीच कमी होतो. पण हेड मिळेनासे झाले तर चांगले हँडल फुकट जाते. यापुढे घेताना मी आधी हेडची चौकशी करीन, तीही गावातल्या दुकानात, आणि मग हँडल पाहीन.

आमच्या औषधाच्या दुकानात एका प्रकारची हेड नेहमी असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हेडविषयी कोणाला माहिती आहे का?

सोल्डरगन

स्वस्त हेडविषयी माझे मत चांगले नाही. ती दांडीवर सैल बसतात, खडखड करतात, आणि त्या हादऱ्याने दांडीला ढिलाई येते. अस्सल हेड जरा जोर लावून बसते आणि तिथे बारीकशी फट सोडलेली असते ती मुद्दामच असते.

उजनीकाठ

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. बॅटरी आणि उष्णता यांविषयी सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो.

या ब्रशांत दोन प्रकारचे सेल येतात. जुन्या आणि कमी किमतीच्या बऱ्याच ब्रशांत निकेल मेटल हायड्राइड सेल असतो, त्याचा विजेचा दाब १.२ व्होल्ट, नव्या ब्रशांत लिथियम-आयन सेल असतो, त्याचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट. दोन्ही सेल आतल्या रासायनिक क्रियांनी झिजतात, आणि तापमान वाढले की त्या क्रिया वेगाने होतात. लिथियम-आयन सेलला सर्वांत जास्त त्रास होतो तो पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी पडून राहण्याचा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या छताखालची किंवा वरच्या मजल्यावरची पश्चिमेची न्हाणीघरे संध्याकाळपर्यंत तापलेली असतात. त्यात चार्जरही थोडा गरम होतो, कारण त्याच्या तळातल्या तारेच्या वेटोळ्यातून हँडलमधल्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्राने ऊर्जा जाते आणि त्या देवाणघेवाणीत काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. या रचनेचा फायदा मोठा आहे. धातूचे उघडे टोक कुठेच नसल्याने ओल्या हातांनी ब्रश चार्जरवर ठेवला तरी धोका नसतो. पण उन्हाळ्यात हँडल चोवीस तास त्या उबेत ठेवणे सेलच्या हिताचे नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की लिथियमचा ब्रश असेल तर चार्जची खूण दिसू लागल्यावरच चार्जरवर ठेवावा आणि भरला की काढावा. निकेलच्या सेललाही कायमच्या हळू चार्जिंगपेक्षा वापरून उतरू देणे मानवते. काही सूचनापुस्तिकांत सहा महिन्यांतून एकदा तो पूर्ण उतरवून पुन्हा भरावा असे म्हटलेलेच असते. उन्हाळ्यात ब्रश न्हाणीघराऐवजी आतल्या, सावलीच्या खोलीत ठेवावा. विजेच्या खर्चाची काळजी कोणी करत असेल तर ती अनाठायी आहे; चार्जर साधारण एक वॅटचा धरला आणि वर्षभर लावून ठेवला तरी पावणेनऊ युनिट होतात. चार्जर काढून ठेवायचा तो सेलसाठी, बिलासाठी नव्हे.

पाण्याविषयीही एक खुलासा करतो. खोक्यावर आयपीएक्स-७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत अपायकारक पाणी गेले नाही, एवढाच आहे. ही चाचणी नव्या नमुन्याची, स्थिर आणि साध्या पाण्यातली असते. गरम पाणी, वाफ, साबण आणि चार वर्षांची झिजलेली सील यांची हमी त्यात नाही. आपल्याकडे पाणी साठवून वापरण्याची सवय असल्याने अनेक घरांत ब्रश मगातल्या पाण्यात बुडवून खळबळला जातो. त्याऐवजी मगाने वरून धार धरावी.

अक्कलकोटरस्ता

सर, आपल्या लेखनात एक भर घालतो. सोलापूरच्या अनेक घरांतील मुले अमेरिकेत आहेत आणि येताना ती असे ब्रश आणतात. तिथल्या काही चार्जरवर ११० ते १३० व्होल्ट एवढेच लिहिलेले असते. तो चार्जर आपल्या २३० व्होल्टला लावला तर जळतो. पिन बदलणारा साधा जोड दाब बदलत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चार्जरच्या तळाशी १०० ते २४० लिहिलेले असेल तर हरकत नाही. माझ्या मामांकडचा चार्जर असाच पहिल्या दिवशी गेला. हँडल शाबूत होते, आणि भारतात मिळणारा त्याच कंपनीचा जुळणारा चार्जर लावल्यावर तो ब्रश आजही चालतो आहे. त्यामुळे चार्जर जळला म्हणून कोणी ब्रश टाकून देऊ नये.

कायदेवाचक

बॅटरी बदलण्याच्या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयी नवा नियम केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. मात्र जी उपकरणे मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांत वापरण्यासाठी आणि धुण्यासाठी बनवलेली आहेत, त्यांना सुरक्षिततेच्या कारणाने सवलत आहे. त्यांची बॅटरी निदान स्वतंत्र व्यावसायिक कारागिराला काढता आली तरी पुरे. दातांचे ब्रश या सवलतीत बसू शकतात. मला ही तडजोड रास्त वाटते, कारण उघडता येणारे प्रत्येक झाकण पाण्याला एक वाट देते. परंतु कारागिरालाही उघडता येणार नाही असे हँडल विकणे मात्र ग्राहकावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. हमीच्या मुदतीत ब्रश बिघडला आणि विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी बिल हवे. ऑनलाइन खरेदीचे बिल त्याच दिवशी उतरवून ठेवावे, आणि हँडलच्या तळाशी असलेल्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण तो छापील क्रमांक पाण्याने पुसला जातो आणि मग हमी सिद्ध करताना अडचण येते.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. सोल्डरगन दादा, सासूबाईंच्या ब्रशाचा सेल बदलण्याविषयी आणखी थोडे सांगाल का? आणि पांढरा थर काढण्यासाठी लिंबू चालेल का?

सोल्डरगन

आधी थराचे सांगतो, ताई. लिंबू चालते, पण लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून घेतलेले बरे. त्यात कापडाचा बोळा भिजवून तो दांडीभोवती मिनिटभर धरावा, थर मऊ पडतो, मग साध्या पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने पुसावे. सुरी, पिन किंवा टोकदार काही लावू नये, कारण रबराला एक चीर पुरते. मूळ उपाय मात्र रोजचा आहे. ब्रश झाला की हेड काढायचे, दोन्ही वेगवेगळे धुवायचे, दांडी पुसायची आणि हेड वेगळे उभे ठेवायचे. हेड लावून ठेवलेल्या ब्रशात पाणी खाली उतरून रात्रभर सीलवर बसते. शक्य असेल तर शेवटची धार पिण्याच्या, गाळलेल्या पाण्याची घ्यावी. घोटभर पाणी पुरते आणि क्षार राहत नाहीत.

सेल बदलता येतो. तो साधारण पेन्सिल सेलएवढा असतो आणि दोन्ही टोकांना पट्ट्या लावून सर्किटला सोल्डर केलेला असतो. जुना ज्या प्रकारचा होता त्याच प्रकारचा आणि त्याच लांबीचा घालावा लागतो. निकेलच्या जागी लिथियम अजिबात चालत नाही. चार्ज करणारे सर्किट वेगळे असते आणि तसे केल्यास धोका आहे. घरी प्रयत्न करू नका, विशेषतः लिथियम असेल तर, कारण तो टोचला गेला तर पेट घेतो. एकदा उघडलेला ब्रश मूळच्याइतका जलरोधक राहत नाही हे मी प्रत्येक ग्राहकाला आधी सांगतो. खालच्या झाकणाचे रबरी कडे बदलून त्याला सिलिकॉनचे ग्रीस लावले तर तो धुण्यापुरता नक्की टिकतो. काही ब्रशांची हँडल मात्र चिकटवून बंद केलेली असतात. ती फोडल्याशिवाय उघडत नाहीत, आणि मग मी नाही म्हणतो. तुमचा मॉडेल क्रमांक कळवा, म्हणजे उघडतो की नाही ते सांगतो.

दंतवैद्य_सोलापूर

दुरुस्तीच्या काळात सासूबाईंचे दात घासणे थांबू नये. साध्या ब्रशाच्या दांड्यावर जुन्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळून तो जाड करावा. संधिवाताच्या बोटांना जाड दांडा धरणे सोपे जाते.

उजनीकाठ

काढलेल्या जुन्या सेलविषयी. तो घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि छोट्या सेलनाही ते नियम लागू आहेत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो कोरड्या डबीत ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

जुळेसोलापूरकर

दादा, मॉडेल क्रमांक निरोपातून पाठवला आहे. निकेलचाच सेल आहे असे सूचनापुस्तिकेत लिहिले आहे. बदलल्यावर पहिल्यांदा किती वेळ चार्ज करायचा?

सोल्डरगन

क्रमांक पाहिला. हा उघडतो. झाकण खालून फिरवून निघते आणि सेलही मिळतो. नवा सेल घातल्यावर पहिल्यांदा रात्रभर चार्जरवर ठेवा, मग पूर्ण थकेपर्यंत वापरा आणि पुन्हा रात्रभर भरा. येताना चार्जर सोबत आणा. तोही तपासून देतो.